माहिती ठेवली जात नाही, म्हणून प्रश्न उद्भवत नाही

"लेखी प्रश्न म्हणजे सरकारची सुटका," असं प्रसाद म्हणाला आणि वाद पेटला. "समोर उभं राहून उत्तर द्यायचं नाही, उपप्रश्नाची भीती नाही. कागद पटलावर ठेवला की मंत्री मोकळा."

पंचवटीतल्या आमच्या कट्ट्यावर राजकारण रोज असतं, पण ते बहुतेक वेळा कोण कुठल्या पक्षात गेला एवढ्यापुरतंच. परवाची अख्खी संध्याकाळ मात्र संसदेतल्या अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नांवर गेली. असं क्वचित होतं, म्हणून लिहून ठेवतोय.

प्रसादला पहिलं उत्तर दिलं बापूंनी. बापू महसूल खात्यातून निवृत्त झालेत. "एलएक्यू, म्हणजे विधानसभेतला प्रश्न, आला की ऑफिसात काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. मंत्रालयातून आयुक्त, आयुक्तांकडून कलेक्टर, कलेक्टरकडून तहसील, आणि शेवटी तलाठ्याला रात्री फोन. लोकांचे अर्ज महिनोन्महिने पडून राहतात, पण विधानसभेच्या प्रश्नाला उत्तर गेल्याशिवाय कोणी घरी जात नाही."

"पण जातं काय त्या उत्तरात?" शुभांगीने विचारलं. तिचे माहिती अधिकाराचे अर्ज सतत कुठल्या ना कुठल्या कार्यालयात असतात.

बापूंनी साचा तोंडपाठ म्हणून दाखवला. अमुक तालुक्यातील पाझर तलावाच्या दुरुस्तीत गैरव्यवहार झाल्याचे माहे मे मध्ये वा त्या दरम्यान निदर्शनास आले आहे, हे खरे आहे काय? असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय? असल्यास, चौकशीत काय आढळून आले व तदनुसार कोणती कारवाई केली? नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? मग त्यांनी उत्तरही म्हणून दाखवलं. एक, हे खरे नाही. दोन, तीन व चार, प्रश्न उद्भवत नाही.

"यात गोम कुठे आहे सांगू?" बापू म्हणाले. "सगळं वजन पहिल्या भागावर असतं. तलाव शेजारच्या तालुक्यातला निघाला किंवा योजनेचं नाव चुकलं, तर 'हे खरे नाही' लिहिता येतं. पहिला भाग पडला की खालचे तिन्ही आपोआप पडतात. आमदाराच्या पीएने वर्तमानपत्राचं कात्रण बघून घाईत प्रश्न उतरवला असेल, तर उत्तर लिहिणाऱ्याला फार कष्ट पडत नाहीत."

प्रसाद म्हणाला, "मग मी वेगळं काय म्हणतोय?"

इथे नाना मध्ये पडले. त्यांनी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलच्या, म्हणजे तेव्हाच्या कायदेमंडळाच्या, सभासदांना प्रश्न विचारायला परवानगी मिळाली, पण उपप्रश्न विचारता येत नव्हता. तो मिळायला १९०९ साल उजाडलं, आणि तोही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच. "इंग्रजांना पक्कं ठाऊक होतं, प्रश्नापेक्षा उपप्रश्न जड जातो," नाना म्हणाले. प्रसादच्या मुद्द्याला यामुळे बळच मिळालं. कारण आजही तारांकित आणि अतारांकित यांतला खरा फरक तोच आहे. तारांकिताला तोंडी उत्तर आणि वर उपप्रश्न, अतारांकिताला फक्त कागद.

आता आकडे बघा. लोकसभेत दिवसाला २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न लागतात, राज्यसभेत १५ आणि १६०. किमान १५ दिवस आधी सूचना द्यायची, प्रश्न ठरलेल्या शब्दमर्यादेत बसवायचा, बॅलटमध्ये, म्हणजे सोडतीत, नंबर लागायला हवा, आणि मंत्रालयांचे वारही ठरलेले. त्या २० तारांकितांपैकी तासाभरात मोजकेच पुकारले जातात. गोंधळात कामकाज तहकूब झालं तर एकही नाही. उरलेल्यांची उत्तरं लेखीच धरली जातात. म्हणजे खासदारांच्या प्रश्नांचा फार मोठा भाग कागदावरच निकाली निघतो, आणि म्हणूनच त्या कागदाची मला काळजी वाटते.

शुभांगीने मग २०२० चं पावसाळी अधिवेशन काढलं. करोनाचं कारण देऊन तेव्हा प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता आणि अतारांकित प्रश्न तेवढे शिल्लक राहिले होते. पहिल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, लोकसभेत श्रम मंत्रालयाला विचारलं गेलं की टाळेबंदीत घरी परतताना किती स्थलांतरित मजुरांचा मृत्यू झाला. उत्तर आलं, अशी माहिती ठेवली जात नाही. त्यांच्या कुटुंबांना भरपाई दिली का, याचं उत्तर आलं, वरील उत्तर पाहता प्रश्न उद्भवत नाही. बापूंनी म्हणून दाखवलेला साचा जसाच्या तसा, फक्त इथे पाझर तलाव नव्हता, माणसं होती.

"आणि त्याच अधिवेशनात राज्यसभेत काय झालं बघ," ती म्हणाली. तिथे मजुरांना घरी नेणाऱ्या श्रमिक विशेष गाड्यांमधल्या मृत्यूंबद्दल विचारणा झाली. रेल्वेने लेखी उत्तरात आकडा दिला, ९ सप्टेंबरपर्यंत ९७. "सरकार तेच, अधिवेशन तेच. एका दारावर 'माहिती नाही', दुसऱ्या दारावर ९७. कारण रेल्वेच्या गाडीत माणूस दगावला की पोलिसांत नोंद होते, पोस्टमॉर्टेम होतं. ज्याच्याकडे रजिस्टर आहे त्याला विचारलं की उत्तर मिळतं."

मला हे पटलं, पण अर्धंच. रस्त्याने चालत निघालेले आणि वाटेत गेलेले त्या ९७ मध्ये नाहीत. त्यांचं रजिस्टर कोणाकडेच नव्हतं.

यावर प्रसाद एकदम नाशिकवर आला, आणि त्या विषयावर इथे कोणीच शांतपणे बोलू शकत नाही. २१ एप्रिल २०२१ ला इथल्या झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा खंडित झाला आणि २२ रुग्ण दगावले. पुढे २० जुलैला राज्यसभेत ऑक्सिजनअभावी झालेल्या मृत्यूंबद्दलच्या प्रश्नाला आरोग्य राज्यमंत्र्यांनी लेखी उत्तर दिलं की राज्यांनी किंवा केंद्रशासित प्रदेशांनी ऑक्सिजनअभावी झालेला मृत्यू असा विशेषत्वाने कळवलेला नाही. मंत्री होत्या भारती पवार, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातल्या दिंडोरीच्या तेव्हाच्या खासदार.

"हे खोटं नाही तर काय?" प्रसादचा आवाज चढला.

"खोटं सिद्ध करता येणार नाही तुला," बापू म्हणाले. "वाक्य परत वाच. मृत्यू झाले नाहीत असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. आरोग्य हा राज्यांचा विषय, राज्यांनी कळवलं नाही, एवढंच म्हटलंय. आणि आपल्याकडे टंचाई नव्हती, गळती होती. प्रश्न टंचाईचा असेल तर आपले २२ जण त्यात येतच नाहीत. पुरवठा खंडित झाल्याने किती गेले, असं विचारलं असतं, तर राज्याकडे बोट दाखवूनही हे लपलं नसतं."

हक्कभंगाची वाट अशा वेळी कोणीतरी सुचवतंच. पण मंत्र्याने जाणूनबुजून दिशाभूल केली हे दाखवावं लागतं, आणि चूक निघालीच तर दुरुस्तीचं निवेदन करून विषय संपवता येतो.

मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. 'माहिती गोळा करण्यात येत असून ती पटलावर ठेवण्यात येईल' असं मंत्री म्हणाला की संसद ते आश्वासन धरते. तीन महिन्यांत पूर्ण करायचं, नाहीतर मुदत मागायची, आणि शासकीय आश्वासन समिती त्याचा पाठपुरावा करते. 'विचाराधीन आहे' हेही आश्वासनातच मोडतं. मात्र 'माहिती ठेवली जात नाही' म्हटलं की आश्वासन नाही, मुदत नाही, समितीही नाही. जो अर्धवट का होईना कबूल करतो त्याच्या मागे तगादा लागतो, आणि जो हात झटकतो तो सुटतो. माझं म्हणणं, 'ठेवली जात नाही' हे उत्तरही आश्वासनात धरा. ही माहिती कोणी ठेवायला हवी होती आणि ती कधीपासून ठेवणार, हे तीन महिन्यांत सभागृहाला सांगा.

बापू उसळलेच. "वेडा आहेस का? खासदार काहीही विचारतात. देशात किती विहिरींना कठडे नाहीत, हेही विचारतील. दरवेळी नवं रजिस्टर सुरू केलं तर तहसील दुसरं काम करणार कधी? मी भरलेत ते तक्ते, तू नाही."

"ठीक आहे, विहिरी सोडा," शुभांगी म्हणाली. "सरकारने स्वतः निर्णय घेतला, गाड्या बंद केल्या, आणि त्या काळात रस्त्यावर माणसं मेली. त्यांची मोजदादसुद्धा जास्तीचं काम आहे?"

बापू बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मृत्यूंपुरतं मान्य. पण फक्त मृत्यूंपुरतं."

प्रसादचं त्याने समाधान झालं नाही. "कुपोषण? वेठबिगारी? गटारात उतरून गुदमरणारे?"

"ते शेवटचे मृत्यूच आहेत," नाना म्हणाले, आणि वेठबिगारीवर वाद पुन्हा सुरू झाला.