आबाजीचा डब्बा अन् माझी वरात

काल दुपारी दारव्हा रोडच्या एका फाट्यावर माझा पंधरा हजाराचा फोन उन्हाने बेशुद्ध पडला. मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, स्क्रीनवर थर्मामीटरचं चित्र आलं, 'फोन थंड होऊ द्या' म्हणे, अन् सगळं काळं. पैसे फोनमध्ये, खिशात दमडी नाही, आणि चहा-आलुबोंडा पोटात गेलेला. एवढीच भानगड होती. पण टपरीच्या बाकड्यावर आबाजी बसले होते ना.

कोण, कुठले, मला तेव्हा काहीच माहीत नव्हतं. धोतर, डोक्याला दुपट्टा, गालात खर्रा, बंडीच्या खिशात रबर लावलेला बटनाचा फोन.

"मेला का?"

"नाही आबाजी, गरम झाला."

"गरम झाला? फोन हाय का म्हैस हाय?" मग टपरीवाल्याकडे वळून, "अबे, पाणी मार रे याच्या फोनवर."

सगळे हसले. इथं थांबायला काय हरकत होती? पण नाही. आबाजींनी स्वतःचा डब्बा काढला आणि सरळ खालच्या सिमेंटवर आपटला. झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे, उरलेला फोन माझ्या चपलेजवळ. त्यांनी शांतपणे सगळं गोळा केलं, बॅटरी धोतराला पुसली, बसवली, रबर चढवलं, बटन दाबलं. टुणटुण वाजून फोन सुरू.

"पाह्यलं? आता तुमचा टाका."

"कशाला पण?"

"टाका ना बापा. भेता कायले?"

आणि टपरीवरचे सहा-सात लोक माझ्याकडे असे बघायला लागले की जसं काही मी शब्द देऊन फिरलो. मी नाही टाकला. अजून हप्ते बाकी आहेत.

मग त्यांनाच दया आली. "घ्या, लावा घरी." बायकोचा नंबर मला पाठ आहे, कारण गॅसपासून बँकेपर्यंत सगळे ओटीपी तिच्याच मोबाईलवर येतात. पण त्या डब्ब्याला हळू बोलणं माहीतच नाही.

"कोण बोलते?"

"मी."

"मी कोण?"

"घरचीच वळखत नाई!" आबाजी टपरीला.

"पन्नी आणली का? कुरडया कायवर टाकू, तुमच्या डोक्यावर?"

हे सगळं फाट्याने ऐकलं. आबाजींनी माझ्या हातून फोन घेतला. "बाई, तू काळजी नोको करू. पोरगा माह्याजवळच बसला हाय, चाय म्याच पाजली. पन्नीची आठवण देतो त्याले." मी बेचाळीस वर्षांचा आहे.

राग येतो तो याचा की म्हातारा बरोबर होता. २००३ साली नोकियाचा ११०० आला, टॉर्चवाला, धूळ आत जाऊ नये असं कीपॅड असलेला, आणि जगात २५ कोटींच्या वर खपला, तो काय उगीच? आमच्याकडे शेतीची लाइन रात्री येते. अंधारात वावरात जायला टॉर्च लागतो, ॲप नाही. आणि आता तर मोटरच्या स्टार्टरमध्येच सिम टाकतात, घरून नंबर लावला की मोटर सुरू, त्यालाही डब्बा पुरतो.

पण डब्बा ठेवू देतात का कोणी? ई-पीक पाहणी, म्हणजे वावरात काय पेरलं याची सरकारी नोंद, २०२१ पासून ॲपवर, उभ्या पिकाचा फोटो काढून टाका. "पऱ्हाटी माह्या वावरात, स्मार्टफोन पोराजवळ, अन् पोरगा पुण्याले. दर सालाले कोणाचं तरी पोट्टं पकडून आणतो मी." रिचार्जचं तर विचारूच नका. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, कंपन्यांना सांगितलं की फक्त बोलणं आणि एसएमएसचा वेगळा रिचार्ज ठेवा. आबाजींना दुकानदार अजून डेटावालाच मारून देतो. त्या डब्ब्यात डेटा घालायचा कुठं, बॅटरीच्या मागं? "अन् अठ्ठावीस दिवसाचा महिना कोण्या पंचांगात हाय?" वर्षाला तेरा रिचार्ज होतात हे त्यांनी बोटं मोजून टपरीला समजावलं. मलाच समजावल्यासारखं, जसा काही मीच टॉवर लावला.

आता प्रश्न आबाजींनी माझ्या चहा-आलुबोंड्याचे भरलेल्या वीस रुपयांचा. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे काढलं, इंटरनेट नसलं तरी पैसे देता-घेता येतात. मी आबाजींना सांगितलं. ते म्हणाले, "नोटा बंद झाल्या का पुन्हा?"

आज सकाळी त्यांचा फोन आला. मला नाही, बायकोला. पन्नी पोचली का म्हणे. मग दोघांचं तुरीचे भाव, त्यांच्या सुनेचं बाळंतपण, माझी तब्येत असं अर्धा तास चाललं, अनलिमिटेड आहे ना. फोन ठेवून बायको मला म्हणते, भल्या माणसाचे वीस रुपये आहेत, आजच नेऊन द्या. तीस किलोमीटर, या उन्हात. आणि तुमचा फोन घरीच ठेवून जा, म्हणते, पुन्हा त्याला काही झालं तर.