"पैसे भरलेत, मग स्पीड का कापता?" या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, स्पीड लिमिटवरच्या माझ्या मागच्या पोस्टवरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की होस्टिंगचे (म्हणजे साइट सर्व्हरवर ठेवायचे) वर्षाचे पैसे आधीच घेतलेत तर स्पीडला लिमिट लावणं ही फसवणूक आहे आणि मी होस्टिंगवाल्यांची बाजू घेतोय. शिवाय लिमिट लावल्यापासून तुमच्या क्लासची साइट उलट जास्तच स्लो झालीय. पहिलं मला अजिबात पटलं नाही. दुसरं मात्र शंभर टक्के खरं असणार, कारण तो फटका मी स्वतः खाल्लाय.

आधी पहिलं. आपल्या सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं आणि आलं की काय होतं हे तुम्हाला सांगायला नको, गल्लीत एकानं नळाला डायरेक्ट मोटार लावली की पुढच्या चार घरांत नुसती हवा येते, आणि पाणीपट्टी त्या चार घरांनीपण भरलेली असते. शेअर्ड सर्व्हरवर, म्हणजे एकाच मशीनवर अनेकांच्या साइट असतात तिथं, हेच चालतं बघा. माझ्या सर्व्हरची लाइन 100 एमबीपीएस, म्हणजे आठानं भागलं की सेकंदाला साडेबारा एमबी (एमबीपीएस बिटमध्ये मोजतात आणि एमबी बाइटमध्ये, आठ बिटांचा एक बाइट, घोळ इथंच होतो). एका क्लासनं 180 एमबीचा व्हिडिओ टाकला, वीस पोरांनी तो चांगल्या वायफायवर एकदम ओढायला घेतला, प्रत्येकाला सेकंदाला 600 केबी गेले की लाइन संपली. त्याच सर्व्हरवर एका चादरवाल्याची साइट आहे, तिचं अख्खं पान एमबीभरसुद्धा नाही पण तेवढंही जाईना. पैसे त्यांनीपण भरलेत ना सर?

म्हणून गेल्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर, मी अपाचेत (साइटची पानं लोकांना पाठवणारं सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर) मॉड रेटलिमिट हे स्पीड कापायचं मोड्यूल चालू केलं आणि व्हिडिओंना सेकंदाला 40 केबी लावून टाकले. तिसऱ्या दिवशी चादरवाल्यांचा फोन, "साइट उघडंना झालीय ओ, ऑर्डरी थांबल्यात." सर्व्हर स्टेटसचं पान बघितलं तर डब्ल्यू, डब्ल्यू, डब्ल्यू, ओळीच्या ओळी, 256 च्या 256. सीपीयू रिकामा, लाइनमध्ये जागा शिल्लक, आणि तरी एकपण साइट उघडत नाही! वर्कर म्हणजे एकेका रिक्वेस्टला उत्तर देणारा अपाचेचा गडी, आणि डब्ल्यू म्हणजे तो कुणालातरी काहीतरी पाठवतोय. अपाचे प्रीफोर्क या पद्धतीवर चालत असलं की एका डाउनलोडमागं एक वर्कर अडकतो, डीफॉल्टला असे वर्कर 256 च असतात, आणि मी स्पीड कापल्यामुळं जो वर्कर पाच मिनिटांत मोकळा व्हायचा तो सव्वा तास तिथंच अडकून राहायला लागला, मग नवीन माणसाला दार उघडायला कुणी उरतच नाही. म्हणजे लाइन वाचवली आणि माणसं संपवली. तुमच्याकडं हेच झालंय अशी मला जवळजवळ खात्री वाटतीय.

आता माझ्याकडं अपाचेच्या पुढं एन्जिनएक्स हे दुसरं सर्व्हर सॉफ्टवेअर आहे, त्याला एका डाउनलोडसाठी एक वर्कर अडकवून ठेवावा लागत नाही. व्हिडिओचे पहिले 2 एमबी फुल स्पीडनं जातात, तिथून पुढं सेकंदाला 200 केबी, म्हणजे तो 180 एमबीचा व्हिडिओ साधारण पंधरा मिनिटांत उतरतो. पण हे लिमिट प्रत्येक रिक्वेस्टला लागतं, अख्ख्या साइटला नाही, आणि ही गोष्ट मागच्या पोस्टमध्ये मी लिहायला हवी होती. डाउनलोड मॅनेजरनं आठ कनेक्शन उघडली की त्या माणसाला आठपट स्पीड मिळतो. म्हणून एका साइटच्या व्हिडिओंना एकावेळी 40 कनेक्शन, म्हणजे ते पहिले 2 एमबी सोडले तर सेकंदाला जास्तीत जास्त 8 एमबी, बाकीचे साडेचार इतरांना राहतातच. एका आयपीला (म्हणजे एका इंटरनेट पत्त्याला) 6 कनेक्शन. आधी 2 ठेवले होते, पण होस्टेलच्या एका वायफायवर पंधरा पोरं असतात आणि सर्व्हरला ती सगळी एकच माणूस दिसतात, दोघांना व्हिडिओ मिळायचा आणि बाकीची एरर बघत बसायची.

आणि हो, महिन्याचा डेटाचा कोटा संपला म्हणून 509 नंबरच्या एररचं पान दाखवून अख्खी साइट बंद करणं, हे मलापण चुकीचंच वाटतं. स्पीडचं लिमिट वेगळं आणि कोटा वेगळा. 509 तर एचटीटीपीच्या (वेबसाइट ज्या नियमांनी बोलतात त्याच्या) एरर नंबरांच्या अधिकृत यादीतसुद्धा नाही. जड फाइल हळू करा, पण क्लासचा पत्ता आणि फोन नंबर असलेलं पान कधीच बंद पडू नये, आणि लिमिट किती ते पैसे घेण्याआधी सांगा. यात तुमच्या बाजूनं कुणाशीपण भांडायला मी तयार आहे.

तोपर्यंत एक करा सर, लेक्चरचे व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्यालाच दिसतील असे) टाका आणि साइटवर फक्त लिंक ठेवा. आणि होस्टिंगवाल्याला विचारा, अपाचे प्रीफोर्कवर आहे का, आणि एरर लॉगमध्ये मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्स, म्हणजे वर्करची कमाल संख्या, गाठल्याची ओळ येतीय का. आली असेल तर तारीख-वेळेसकट इथंच खाली टाका, आपण बसून बघू.