“एवढा मोठा डालेक कशाला?” या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार, तुमची प्रतिक्रिया सावकाश वाचली. बाकीच्यांना संदर्भ कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. मी ‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश टीव्ही मालिकेतला डालेक, म्हणजे आत माणूस बसून चालवतो तो घुमटवाला यंत्र-राक्षस, घरी माणसाएवढा बांधला. त्याचे फोटो बघून तुमचं म्हणणं असं की ही निव्वळ नक्कल आहे, यात स्वतःचं डोकं कुठे लावलंय, आणि नक्कल पण चुकलीय कारण खांद्यावरच्या उभ्या पट्ट्या गायब आहेत आणि ब्राँझ रंग हवा होता तिथे चंदेरी मारलाय. शिवाय मूळ डिझाइनच मिरपुडीच्या डबीवरून ढापलेलं, मग एवढा माणसाएवढा करायची काय गरज, टेबलावर मावेल असा केला असता तरी तेच दिसलं असतं. आणि करायचाच होता तर तो संडासातला प्लंजर काढून नीट रोबोटचा हात लावायचा, आत मोटर टाकायची. “फुकटचा खटाटोप” हे शब्द तुमचेच.

आता नक्कल आहे म्हणून वाईट आणि नक्कल बरोबर नाही म्हणूनही वाईट, असं दोन्हीकडून कसं मारता राव. पण ठीक आहे, पट्ट्यांपासून सुरू करू कारण तो मुद्दा लवकर संपतो.

माझा डालेक 1963 चा आहे. ‘डॉक्टर हू’ बीबीसीवर 23 नोव्हेंबर 1963 ला सुरू झाली आणि डालेक त्याच डिसेंबरात आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर उभ्या पट्ट्या नव्हत्याच, नुसते आडवे पट्टे. त्या पहिल्या गोष्टीत डालेक त्यांच्या शहराच्या धातूच्या जमिनीतून मिळणाऱ्या स्थिर विजेवर चालतात, म्हणून शहराबाहेर पाऊलच टाकू शकत नाहीत. 1964 मध्ये त्यांना लंडनमध्ये आणायचं ठरलं तर ही वीज कुठून येणार, मग पाठीवर एक तबकडी चिकटवली. 1965 च्या गोष्टीत तबकडी गेली आणि तुम्ही म्हणताय त्या पट्ट्या आल्या. ब्राँझ तर थेट 2005 चा, मालिका परत सुरू झाली तेव्हाचा. 2010 मध्ये जाडजूड रंगीबेरंगी डालेक आणले होते ते लोकांना फारसे रुचले नाहीत आणि ब्राँझवाले परत दिसायला लागले. तर “खरा डालेक” म्हटलं की आधी साल विचारावं लागतं. 1963 चे चंदेरी होते आणि खालच्या अंगावरचे गोळे निळे, टीव्हीवर सगळं काळंपांढरं दिसायचं ती गोष्ट वेगळी.

आता मिरपुडीची डबी. ही गोष्ट इतक्या ठिकाणी फिरलीय की तुम्हाला दोष देत नाही. पण डिझायनर रेमंड क्युसिक यांनी स्वतःच सांगितलेलं आहे की ती डबी त्यांनी टेबलावर सरकवून दाखवली ती डालेक चालेल कसा हे समजवायला, आकाराचा तिच्याशी संबंध नाही. आकार आला बसलेल्या माणसावरून. लेखक टेरी नेशन यांना पाय दिसायला नको होते, माणसासारखं काहीच दिसायला नको होतं, रबरी सूट घालून फिरणारा नट म्हणजे राक्षस हे त्यांना टाळायचं होतं. क्युसिक यांनी काय केलं, खुर्चीवर बसलेला माणूस काढला आणि त्याच्याभोवती रेघ मारली. बस्स.

आणि माझा माणसाएवढा का, याचं उत्तर या रेघेतच आहे. फोटोत डालेक बघितला की वाटतं कुणीतरी अंदाजाने मजेशीर आकार काढलाय. स्वतः आत स्टुलावर बसून बघा मग कळतं की एकही रेघ अंदाजाने नाहीये. स्कर्ट, म्हणजे डालेकचा खालचा गोळेवाला भाग, पुढच्या बाजूला जास्त उतरती आणि मागे जवळजवळ उभी, कारण पुढे गुडघे आणि पावलं आहेत, मागे फक्त पाठ. बंदूक आणि प्लंजर ज्या दोन चौकोनी खोक्यांतून बाहेर येतात ती बरोबर तुमचे हात मांडीवरून उचलल्यावर जिथे येतात तिथे. त्याच्यावर गळा, म्हणजे कड्या आणि जाळी, तिथे तुमचे डोळे येतात. घुमट डोक्यावर. म्हणजे ज्याला आपण डालेकचा गळा म्हणतो ती प्रत्यक्षात खिडकी आहे, आणि दांडीवरचा तो डोळा ज्याला सगळे घाबरतात त्यातून आतल्या माणसाला काहीही दिसत नाही!

हे मला अर्ध्या मापाच्या मॉडेलमध्ये कधीच कळलं नसतं. उंची निम्मी केली की आतली जागा निम्मी होत नाही, एक अष्टमांश होते, त्यात माणूस काय मांजर नीट बसणार नाही. टेबलावरचा डालेक म्हणजे मूर्ती, छानच दिसते, मी पण घेईन एखादी. पण मला मूर्ती करायची नव्हती, मला बघायचं होतं की ही वस्तू चालवणारा माणूस आत बसून नेमकं काय काय करत होता.

आणि तो बरंच काही करत होता. पायाने जमीन ढकलत जायचं, खाली छोटी चाकं. एका हातात बंदूक, दुसऱ्या हातात प्लंजर, मग घुमट फिरवायला तिसरा हात कुठून आणायचा ते ज्याचं त्याने बघायचं. वर डोक्यावरचे दिवे बोलण्याच्या तालात लुकलुकले पाहिजेत, आणि आवाज देणारे नट वेगळे, पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम, म्हणजे आतल्या माणसाला त्यांचे संवादसुद्धा पाठ हवेत. हे मी करून बघितलंय. प्लंजर पुढे काढत, घुमट डावीकडे वळवत, दिव्याचं बटण शब्दाच्या प्रत्येक तुकड्याला दाबत सरळ रेषेत जाऊन दाखवा, मग नटांबद्दलचा आदर आपोआप वाढतो.

डोकं कुठे लावलं विचारलंत तर मुख्यतः स्कर्टमध्ये. लांबून ती गोल वाटते पण ती सगळी सपाट फळ्यांची आहे, प्रत्येक फळी वर अरुंद आणि खाली रुंद, शिवाय आत झुकलेली. अशा दोन फळ्या शेजारी लावायच्या तर त्यांची कड सरळ कापून चालत नाही, तिरकी तासावी लागते, आणि तो कोन प्रत्येक जोडाला वेगळा कारण पुढचा उतार वेगळा, बाजूचा वेगळा, मागचा वेगळा. नुसत्या वरून काढलेल्या नकाशात हा कोन दिसतच नाही, कारण फळ्या उभ्या नाहीत, कललेल्या आहेत, तो गणिताने काढावा लागतो किंवा पुठ्ठ्याचं पूर्ण मापाचं मॉडेल करून त्यावरून उचलावा लागतो. मी पुठ्ठ्यावरून उचलला, त्यामुळे एमडीएफच्या फळ्यांना करवत लावायच्या आधीच सगळे जोड बसलेले होते. मग गोळे. एका डालेकला 56 अर्धगोल, चार आडव्या ओळी आणि प्रत्येकीत 14. ओळी आडव्या सरळ दिसायला हव्यात पण फळ्यांचा उतार सारखा नाही, म्हणजे फळीवरून टेप लावून खालून वर सारखं अंतर मोजत गेलात तर पुढच्या फळीवरचा गोळा बाजूच्या गोळ्यापेक्षा किंचित खाली येतो आणि डोळ्याला लगेच खुपतं, काय चुकलंय ते सांगता येत नाही पण खुपतं. उंची जमिनीपासून मोजायची, फळीवरून नाही. हे कुठल्या फोटोत दिसत नाही. अर्धगोल एकाच साच्यावर प्लास्टिकची पत्री तापवून, खालून हवा ओढून काढले, त्यामुळे सगळे सारखे. बाकी घासणं, पुट्टी, प्रायमर, परत घासणं, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, अंगावर पांढरी धूळ बसते एवढंच.

(ज्यांना वाटतं मूळ वस्तू फार भारी असणार त्यांच्यासाठी: पहिले चारच डालेक बनवले होते, अक्सब्रिजच्या शॉक्राफ्ट या कंपनीने, प्लायवुड आणि फायबरग्लासमध्ये. गर्दी दाखवायची तर मागे डालेकचे मोठे केलेले फोटो उभे केले होते.)

मोटरचं म्हणाल तर नको. पायाने ढकलताना जो हळूच सुरू होणारा आणि पटकन थांबणारा वेग मिळतो तो स्वस्त मोटरला जमत नाही, ती गचका देते. आणि मुख्य म्हणजे आतून दिसतं फारच कमी, जाळीतून समोरचा एक पट्टा. आजूबाजूला लहान मुलं असताना अशी जड वस्तू मोटरवर चालवायची माझी तयारी नाही, पाय असले की पाय थांबतात. खडबडीत जमिनीवर छोटी चाकं अडतात हे खरं, पण ते 1964 मध्ये मालिकावाल्यांनाही कळलं होतं, लंडनच्या रस्त्यांवर शूटिंग करायचं तर बेस मोठा करून आत हवेची चाकं लपवावी लागली.

प्लंजर मात्र काढणार नाही, कितीही हसलात तरी. डालेकच्या पहिल्या गोष्टीच्या पहिल्या भागाच्या शेवटी प्रेक्षकांना डालेक दिसतच नाही, फक्त डॉक्टरबरोबर आलेली, किंचाळणारी बार्बरा आणि तिच्या अंगावर येणारा तो प्लंजर. पुढचा आठवडाभर लोकांच्या डोक्यात डालेक म्हणजे तेवढंच होतं. 2005 मध्ये याच थट्टेचं उत्तर म्हणून की काय, त्याच प्लंजरने एका माणसाचा तोंड दाबून जीव घेतला. रोबोटचा हात लावला तर ते दुसरं कुठलंतरी यंत्र होईल.

आवाजाबद्दल तुम्ही काही बोलला नाहीत पण खाली दोघांनी विचारलंय म्हणून इथेच सांगून टाकतो. तो रिंग मॉड्युलेटर आहे, बोलणाऱ्याच्या आवाजाला साधारण 30 हर्ट्झच्या लहरीने गुणतो, म्हणजे आवाजातला 200 हर्ट्झचा सूर गायब होऊन त्याच्या जागी 170 आणि 230 असे दोन येतात, आणि ते एकमेकांत खडखडतात. पण नुसतं यंत्र लावून भागत नाही, शब्द तोडून, ताणून, एका पट्टीत बोलावं लागतं, नाहीतर बिघडलेल्या फोनवर कुणीतरी बोलतंय असं वाटतं.

“लोकांची कल्पना उचलून मिरवायची” हे तुमचं वाक्य थोडं लागलं म्हणून एवढंच, 1973 मध्ये मालिकेला दहा वर्षं झाली तेव्हा बीबीसीच्याच ‘रेडिओ टाइम्स’ या साप्ताहिकाने खास अंक काढला आणि त्यात घरी डालेक कसा बांधायचा याचा आराखडा छापला होता. म्हणजे आमंत्रण त्यांच्याकडूनच आलेलं. विकण्याची गोष्ट वेगळी, डालेकवर नेशन यांच्या वारसांचा आणि बीबीसीचा हक्क आहे, त्यामुळे “विकणार का” विचारणाऱ्या सगळ्यांना उत्तर नाही असंच आहे. क्युसिक बीबीसीत पगारी नोकर होते, त्यांना या सगळ्या खेळण्यांच्या आणि सिनेमांच्या पैशातून रॉयल्टी मिळाली नाही. माझ्या डालेकच्या बेसवर आतल्या बाजूला त्यांचं नाव लिहिलेलं आहे, फोटोत येत नाही.

आणि तुमचा तो टेबलावरचा करून बघायचा विचार असेल तर कराच, पण कधी मोठा करावासा वाटला तर कुणाचाही आराखडा छापून घ्यायच्या आधी आत जो बसणार आहे त्याला स्टुलावर बसवा आणि जमिनीपासून डोळ्यापर्यंतची उंची मोजा. जाळी तिथे यायला हवी. स्टूल खालीवर करता येतं, गळा नाही. आणि जाळीच्या आतून काळं पातळ कापड लावा, आत दिवा अजिबात नको, नाहीतर बाहेरून चेहरा दिसतो.