काय चुकलं ते सांगायला काय जातं तुमचं?

‘अरेरे! काहीतरी चुकलं. थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा.’ आणि खाली एकच बटण: ‘ठीक आहे’.

नाही, ठीक नाहीये! फाइल सापडली नाही, परवानगी नाही, डिस्क भरली, नेटवर्क गेलं, सर्व्हरने मान टाकली, यातलं नेमकं झालंय काय? आणि थोड्या वेळाने म्हणजे कधी? तेवढ्या वेळात असं काय बदलणार आहे? फाइलवरची परवानगी काय आपली आपण सुधारणार आहे?

डोक्यात तिडीक जाते ती चूक झाली म्हणून नाही. यंत्रं बिघडायचीच. केबल निसटते, डिस्क मरते, पलीकडची सर्व्हिस बंद पडते, त्यात राग कसला. राग येतो तो याचा, की नेमकं काय बिनसलं हे त्या प्रोग्रामला त्या क्षणी पक्कं माहीत असतं. माहीत असूनही तो वेड पांघरून पेडगावला जातो.

माहीत असतं म्हणजे कसं, तर बघा. प्रोग्राम फाइल स्वतः उघडत नाही, तो कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, विनंती करतो. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सगळ्या खानदानात, लिनक्स धरून, काम जमलं नाही तर प्रोग्रामच्या पदरात उणे एक पडतं आणि सोबत कारणाचा क्रमांक. त्यालाच आम्ही मंडळी ‘एर्नो’ म्हणतो. २ म्हणजे तशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. १३ म्हणजे परवानगी नाकारली. २८ म्हणजे जागा संपली. लिनक्सवर १११ म्हणजे समोरच्याने कनेक्शन घ्यायलाच नकार दिला. असे शंभरावर क्रमांक आहेत, आणि क्रमांक दिला की त्याचं वाचता येईल असं वाक्य करून देणारं फंक्शन सी भाषेच्या लायब्ररीत कधीपासून तयार पडलेलं आहे. एका ओळीचं काम. म्हणजे ‘काहीतरी चुकलं’ हे अज्ञान नाही. खालून वर येणारी नेमकी माहिती कुणीतरी मध्ये उभं राहून कचऱ्यात टाकली आणि तिच्या जागी हे गुळमुळीत वाक्य बसवलं. वर एक रडका कार्टून ढगही काढला. त्या ढगासाठी डिझायनरला वेळ होता, क्रमांकासाठी नव्हता!

मध्यंतरी एका प्रोग्राममधून फोटो एक्सपोर्ट होईनात. दर वेळी तोच ढग. शेवटी वैतागून स्ट्रेस लावला. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: स्ट्रेस हा १९९१ पासूनचा जुना खमका गडी आहे, प्रोग्राम कर्नलशी काय काय बोलतो ते सगळं तो ओळीओळीने समोर मांडतो. हजारो ओळींच्या गदारोळात ती एक ओळ लख्ख होती. प्रोग्राम एका कॅश फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहायला गेला, फोल्डरची मालकी रूटकडे, म्हणजे सिस्टिमच्या प्रशासक खात्याकडे, उत्तर उणे एक, कारण १३. फोल्डरचा पूर्ण पत्ता, कारण, सगळं तिथे. मालकी बदलली, एक कमांड, प्रोग्राम सुरळीत. एवढ्यासाठी माझी अख्खी संध्याकाळ पाण्यात गेली. हीच ओळ त्या ढगाखाली बारीक अक्षरात छापली असती तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

यावर ठरलेलं उत्तर येतं: ‘सामान्य वापरकर्ता घाबरतो हो. त्याला तांत्रिक तपशील कशाला?’ कोण हा सामान्य वापरकर्ता, जो ‘डिस्कवर जागा उरली नाही’ हे वाचून घाबरतो आणि ‘काहीतरी चुकलं’ वाचून निर्धास्त होतो? उलट आहे सगळं! जागा संपली म्हटलं की माणूस जुने व्हिडिओ उडवतो आणि कामाला लागतो. काहीतरी चुकलं म्हटलं की तो हताश होतो, आणि मग ओळखीतल्या ‘कंप्युटरवाल्या’ला, म्हणजे मला, फोन करतो. मी विचारतो, स्क्रीनवर काय आलंय? तो म्हणतो, काहीतरी चुकलंय असं आलंय. झालं आमचं संभाषण.

आणि मग सुरू होतात उतारे. कॅश साफ करा, लॉगआउट करून लॉगइन करा, काढून परत टाका, मशीन बंद करून चालू करा. दृष्ट लागल्यावर मीठ-मोहऱ्या ओवाळतात त्यातलाच प्रकार. हेल्पडेस्कवरच्या पोरांना मी दोष देत नाही, त्यांच्या हातातही तेवढंच वाक्य असतं. कारण कळलं नाही की माणूस तोडग्यांकडेच वळणार. नेमकं निदान करायला बनवलेल्या यंत्रापुढे आपण हे करतोय, याची कुणालाच लाज वाटत नाही.

जुनं ते सगळं सोनं असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. युनिक्सनेही यात दिवे लावलेत. युनिक्सच्या जनकांपैकी एक असलेल्या केन थॉम्प्सनचा एड हा एडिटर १९६९ चा. त्याला काहीही चुकीचं सांगा, तो फक्त एक प्रश्नचिन्ह छापतो. बस. पण त्याच एडमध्ये एच दाबला की तो मागच्या चुकीचं कारण सांगतो, आणि कॅपिटल एच दाबला की पुढे दर वेळी न विचारता सांगतो. म्हणजे जगातल्या सगळ्यात घुम्या प्रोग्रामला जे शिष्टाचार कळतात ते आजच्या गुबगुबीत अ‍ॅपला कळत नाहीत. तसंच ते २५ क्रमांकाचं प्रकरण: टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची जागा, नसलेल्या गोष्टीला टर्मिनलची कामं सांगितली की जुन्या सिस्टिम ‘हा टाइपरायटर नाही’ म्हणायच्या, आणि माणूस टाइपरायटर कुठून आला म्हणून डोकं धरायचा. लिनक्समध्ये फायलींवर पाळत ठेवणाऱ्या आयनोटिफायची मर्यादा संपली तरी २८ येतो, जागा संपली म्हणून. डिस्क बघावी तर अर्धी रिकामी. आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदींच्या जागा, संपल्या तरी तेच, डिस्कची जागा दाखवणाऱ्या डीएफ कमांडला ‘आय’चा पर्याय दिल्याशिवाय पत्ता लागत नाही. चक्रम आहेत हे संदेश, मान्य. पण दर वेळी तेच आणि तस्सेच येतात, त्यामुळे शोधता येतात. २५ चा शोध घेतला की उत्तर मिळतं. ‘काहीतरी चुकलं’चा शोध घेऊन बघा एकदा काय मिळतं ते.

चुकांचे संदेश जपावे लागतात हे युनिक्स जिथे जन्माला आलं त्या बेल लॅब्जमधल्या लोकांना ठेच लागून कळलं होतं. तेव्हा प्रोग्रामचं उत्तर आणि त्याची तक्रार एकाच वाटेने बाहेर पडायचे. फोटोटाइपसेटरवर, म्हणजे छपाईची अक्षरं फोटोच्या कागदावर उमटवणाऱ्या यंत्रावर, मजकूर पाठवायचा, कागद डेव्हलप करायचा आणि बघायचं तर त्यावर सुबक टाइपात एकच ओळ: अमुक फाइल उघडता आली नाही. एकाच दुपारी हे अनेकांच्या बाबतीत झालं. त्यानंतर तक्रारीसाठी वेगळी वाट काढली गेली, तीच आपली स्टँडर्ड एरर, डिस्क्रिप्टर (म्हणजे वाटेचा) क्रमांक २. उत्तर भले पाइपमधून पुढच्या प्रोग्रामकडे जाऊ दे, फाइलमध्ये जाऊ दे, तक्रार माणसाच्या डोळ्यांसमोर आलीच पाहिजे. इतका साधा विचार, सत्तरच्या दशकातला. आज मात्र पहिली गोष्ट काय करतात, तर डिस्क्रिप्टर २ डेव्ह-नलमध्ये (नल म्हणजे ‘काहीच नाही’), सगळं गिळणाऱ्या पोकळीत, ढकलतात. इन्स्टॉल स्क्रिप्ट उघडून बघा, जागोजागी हेच. का? तर स्क्रीन स्वच्छ दिसावी म्हणून!

स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांची दुसरी आवडती खोड म्हणजे कमांडच्या मागे ‘नाहीतर ट्रू’ चिकटवणं. कमांड मेली तरी स्क्रिप्ट म्हणणार सगळं उत्तम. एकापुढे एक जोडलेल्या कमांडच्या पाइपलाइनचंही तसंच, नुसतं शेवटच्या कमांडचं बरं-वाईट शेलला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामला, कळतं. पहिली कोसळली आणि शेवटची नीट संपली की सगळं आलबेल. त्यावर कुठलीही कमांड कोसळली तरी अपयश कळवणारा पाइपफेल हा पर्याय बॅश वगैरे शेलमध्ये कधीचा आहे, युनिक्सच्या पॉझिक्स या मानकाच्या २०२४ च्या आवृत्तीत तर तो अधिकृतपणे आला. वापरतं कोण? बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये हा पर्याय नसला की काय होतं ते ज्याच्यावर गुदरलंय त्यालाच विचारा. रोज रात्री ‘बॅकअप यशस्वी’, आणि फाइल शून्य बाइटची.

वेबवाले तर याहून पोहोचलेले. एचटीटीपी या वेबच्या नियमावलीने तयार क्रमांक देऊन ठेवलेत, ४०३ म्हणजे मनाई, ४०४ म्हणजे सापडलं नाही, ५०३ म्हणजे सेवा सध्या बंद. हे महाभाग २०० पाठवतात, सगळं ठीक, आणि आतल्या जेसनमध्ये, म्हणजे उत्तराच्या मजकुरात, लिहितात ‘सक्सेस: फॉल्स’. मॉनिटरिंगला सगळं हिरवंगार दिसतं आणि इकडे लोक बोंबलत असतात. कंटेनरचं, म्हणजे वेगळ्या डब्यात बंद करून चालवलेल्या प्रोग्रामचं, म्हणाल तर ‘डिप्लॉयमेंट अयशस्वी’ एवढीच लाल पट्टी. खोदत गेलं की एक्झिट कोड, प्रोग्राम संपताना मागे ठेवतो तो आकडा, १३७ सापडतो. १२८ अधिक ९, म्हणजे सिग्नल ९ ने (जबरदस्तीने बंद करायच्या हुकमाने) मारला, म्हणजे बहुतेक वेळा मेमरी संपली आणि कर्नलने गळा दाबला. आकडा तिथेच होता! तीन पडद्यांमागे लपवून का ठेवला?

एक जागा सोडतो. लॉगइनच्या वेळी नाव चुकलं की पासवर्ड, हे मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर चोराला कोणती नावं खरी ते कळेल. पटलं, तिथे गप्प बसा. पण या एका कारणाच्या आडून जगातली सगळी बेपर्वाई ‘सुरक्षेसाठी’ म्हणून खपवायची नाही. माझ्याच डिस्कवर जागा संपली हे मलाच सांगितल्याने कुठला चोर शिरणार आहे?

संताप कळसाला पोहोचतो तो पुढच्या वाक्यावर: ‘या त्रुटीचा तपशील आमच्या टीमला पाठवला आहे.’ म्हणजे तपशील आहे! माझ्या मशीनवर, माझ्या फायलींमध्ये घडलेल्या गोष्टीचा साद्यंत वृत्तांत तुम्ही तयार केला, माझ्याच नेटवर्कवरून तुमच्याकडे नेला, आणि मला काय दाखवलं? ढग. मी कोण आहे या मशीनचा, भाडेकरू?

बरं, ज्या काही चार अक्षरांचा संदेश येतो तो तरी धड हाती लागावा? खिडकीतला मजकूर सिलेक्ट होत नाही, कॉपी होत नाही. कोपऱ्यातून एक पट्टी उगवते, वाचायला मान वळवेपर्यंत गायब. १९८४ च्या मॅकिंतॉशवरही रडका चेहरा होता, पण त्याच्या खाली हेक्साडेसिमल कोड असायचा. विंडोजने २०१२ मध्ये निळ्या पडद्यावर उदास तोंड आणलं, तेव्हाही बारीक अक्षरात का होईना, कारणाचं नाव ठेवलं. चेहरा काढा हो, हौस असेल तर मोर नाचवा, पण खाली ती एक ओळ असू द्या: काय करत होतो, कोणत्या फाइलवर किंवा पत्त्यावर, कारण कोणतं. नको असेल त्याच्यासाठी ‘तपशील’ बटणामागे दडवा. याला ना संशोधन लागतं ना जास्तीची मेमरी.

डेस्कटॉपवर निदान स्ट्रेस तरी आहे. फोनवर तर हातपाय बांधलेले. अँड्रॉइडच्या पोटात तोच लिनक्स कर्नल, तेच २, तेच १३, तेच २८, पण मालकाला आत डोकावायला मनाई. मग आधी सेटिंग्जमध्ये जाऊन बिल्ड नंबरवर सात वेळा टिचक्या मारा, तेव्हा डेव्हलपर ऑप्शन्स उघडणार. मग यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा, कॉम्प्युटरवरून फोनशी बोलणारा एडीबी टाका, फोनवर ‘यूएसबी डीबगिंगला परवानगी द्यायची का’ला हो म्हणा, फोनच्या आतल्या नोंदी दाखवणारा लॉगकॅट सोडा. धबधब्यासारख्या ओळी कोसळतात, ब्लूटूथच्या, सेन्सरच्या, कुणाकुणाच्या. त्यातून हव्या त्या ओळी शोधणारा ग्रेप लावून, चाळून, डोळे फोडून परवा एकदाची त्या अ‍ॅपची स्वतःची ओळ हाती लागली. अ‍ॅप बनवणाऱ्याने प्रेमाने लिहिलेली, लाल रंगातली, थेट मुळाशी नेणारी ओळ:

‘एरर: नल’.