चेहरा नको, हात बघा

‘कोरियन माणूस अनोळखी व्यक्तीकडे बघून हसत नाही, धक्का लागला तरी सॉरी म्हणत नाही, थोडक्यात तुसडाच’ हे कोरियाला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी लिहिलेल्या एका लेखातलं विधान मला अजिबात पटलं नाही. नोकरीनिमित्त मी दक्षिण कोरियातल्या सुवॉन शहरात राहिले आहे. आमच्या इमारतीखालच्या किराणा दुकानातल्या आजी माझ्याकडे बघून हसल्याचं आठवत नाही. पण सुटे पैसे देताना उजवा हात पुढे आणि डावा त्याच्या कोपराला टेकलेला, ही तिथली आदर दाखवायची पद्धत कधी चुकली नाही. मी तर त्यांच्या नातीच्या वयाची! कधी पिशवीत न मागता दोन संत्री जास्तीची पडायची, तीही त्याच कोऱ्या चेहऱ्याने. याला तुसडेपणा म्हणायचं?

धक्क्यांचं खरं आहे, सोलच्या मेट्रोत गर्दीच्या वेळी धक्के बसतात आणि कुणी मागे वळून बघत नाही. पण त्याच डब्याच्या टोकाला ज्येष्ठांच्या जागा असतात, आणि डबा भरलेला असला तरी तरुण मुलं सहसा तिथे बसत नाहीत. याबद्दल लेखात एक ओळही नाही. वरिष्ठांसोबतच्या जेवणाबद्दलही नाही. तिथे आपला ग्लास आपण भरत नाहीत, दुसऱ्याचा भरतात, आणि ज्येष्ठांसमोर दारूचा घोट घेताना मान बाजूला वळवतात. पहिल्यांदा जाणाऱ्याला हे आधी सांगायला हवं होतं, हसण्या-न हसण्याचा हिशेब नंतर.