बोटांची हमी, पोटाची नाही

सेफ्टी पिन नको असते तेव्हा घरभर असते. चाव्यांच्या वाडग्यात, औषधांच्या डब्यात, कॅलेंडरच्या खिळ्याला लटकून, अंधारात अनवाणी पायांच्या वाटेत. पँटचं बटण तुटलं रे तुटलं की एकही सापडत नाही. म्हणजे एखादी सापडते, पण ती नव्या शर्टाच्या लेबलाला लटकून आलेली, नखाएवढी. तिच्याने फार तर बाहुलीचा फ्रॉक आवळला जाईल.

बटणसुद्धा वेळ बघून तुटतं. आधी त्याचा दोरा सैल होतो, मग ते मान टाकतं, मग काही आठवडे एकाच धाग्यावर लोंबकळत आपल्याकडे बघत राहतं. आपणही त्याच्याकडे बघतो. आणि ज्या सकाळी चार लोकांसमोर उभं राहून भाषण करायचं असतं, त्याच सकाळी ते टप्पकन उडून पलंगाखाली जातं.

“अहो, द्या इकडे, दोन टाके घालते,” बायको म्हणाली.

“नको, पिन दे. तात्पुरतं भागेल.”

त्या दिवशी तरी मी ‘तात्पुरतं’ हे अगदी मनापासून म्हणालो होतो.

या पिनेचा कर्ता न्यूयॉर्कचा वॉल्टर हंट. माणूस डोक्याने विलक्षण आणि खिशाने कायम हलका. १८३४ च्या सुमाराला त्याने चांगलं चालणारं शिवणयंत्र बनवलं होतं, पण त्याचं पेटंटच घेतलं नाही. हाताने शिवणाऱ्या बायकांची रोजीरोटी जाईल म्हणून त्याच्या मुलीने मोडता घातला, असं सांगतात. सर्कशीतल्या कसरतपटूंना छतावर उलटं चालता यावं म्हणून खास बूटही त्याने तयार केले होते. अशा उद्योगी माणसाच्या डोक्यावर यंत्रांच्या आकृत्या काढून देणाऱ्या एकाचं १५ डॉलरचं देणं झालं. ते कसं फेडावं या विचारात तो हातातल्या तारेशी चाळा करत बसला आणि तीनेक तासांत त्या तारेची झाली सेफ्टी पिन. तिचे हक्क ४०० डॉलरला विकून गडी मोकळा झाला. गोष्ट जरा घासूनपुसून आलेली वाटते, पण पेटंट मात्र पक्कं आहे: क्रमांक ६,२८१, तारीख १० एप्रिल १८४९, वस्तूचं नाव ‘ड्रेस-पिन’. शिवणयंत्र बाजूला ठेवून ज्याने शिवायचं टाळण्याचं साधन जगाला दिलं, त्या माणसाबद्दल मला फार जवळीक वाटते.

तारेने कपडा अडकवायची युक्ती त्याच्या आधीचीच. प्राचीन ग्रीसमध्ये तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी असे आकडे होते आणि रोमन लोकही अंगरखे त्यांनीच सावरत. हंटचं कसब असं, की त्याने सगळं एकाच तारेत बसवलं. मधे वेटोळं, तीच स्प्रिंग. एका टोकाला अणी, दुसऱ्या टोकाला ती अडकवायची खोबण. मोडायला सांधा नाही, झिजायला बिजागरी नाही. वर पेटंटात त्याने लिहून ठेवलं की, ही वापरताना पिन वाकायची भीती नाही आणि बोटांना इजा व्हायचीही नाही.

नीट वाचा. हमी बोटांची आहे, पोटाची नाही.

आणि बोटांच्या हमीबद्दलही मला दोन शब्द बोलायचे आहेत. पँटच्या कमरपट्टीत किती थर असतात हे शिंप्याला ठाऊक असतं किंवा पिन लावणाऱ्याला. बाहेरचं कापड, आत कडक कॅनव्हास, त्याखाली अस्तर, कडेला हे सगळं पुन्हा दुमडलेलं. दोन्ही बाजू एकमेकींवर आणल्या की पिनेपुढे गादी उभी राहते. पोट आत, श्वास बंद, हनुवटी छातीला टेकलेली, तरीही करायचं ठिकाण दिसत नाही, कारण मधे आत घेतलेलं पोट आहेच. आरशात बघावं तर डावं-उजवं उलटं. पिन आत शिरते, दुसऱ्या-तिसऱ्या थरात तिला दिशाभ्रम होतो आणि जिथून बाहेर यायला हवी तिथून न येता ती अंगठ्यात येते. ओरडायची सोय नाही, कारण जादाची पिन दातांत धरलेली.

शिवाय वेटोळ्याला मर्यादा असते. तार थोडी वाकवली तर सोडल्यावर ती मूळ जागी परत येते. तोच स्प्रिंगचा सगळा खेळ. पण एवढ्या थरांवर कोंबून बसवली की ती हद्द ओलांडते आणि वाकलेलीच राहते. बाहेरून काहीच कळत नाही. चकाकी तीच, टोपी तीच. फक्त आता तिचं टोक टोपीत बसलेलं असतं ते निव्वळ शिष्टाचार म्हणून.

लावायची दिशा हा आणखी एक विषय, आणि तो कोणत्याही शाळेत शिकवत नाहीत. पिन आडवी लावायची, म्हणजे कमरेची ओढ तारेच्या लांबीवर पडते. उभी लावली तर ती ओढ दांडीवर आडवी येते, दांडी धनुष्यासारखी वाकते आणि टोक टोपीतून सुटायला बघतं. घाईत माणूस ती हटकून उभीच लावतो. हात तसेच वळतात, त्याला इलाज नाही.

तर अशी उभी पिन लावून मी मंचावर बसलो. बसलो म्हणजे टेकलो. उभं असताना कमरेचा घेर एक असतो आणि बसलं की निराळाच, हे त्या खुर्चीत मला फार बारकाईने समजलं. माझ्या आधीचे वक्ते विनोदी निघाले. सभागृह खो-खो हसत होतं आणि मी चेहरा दगडासारखा ठेवून नाकाने हळूहळू श्वास सोडत होतो. नंतर दोघांनी येऊन सांगितलं की तुमची गंभीर वृत्ती फार भावली.

अशा वेळी मनात काय काय येतं! प्राचीन ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने एक हकीकत लिहून ठेवली आहे. अथेन्सचं सैन्य एजायना बेटावर चालून गेलं आणि एकटाच माणूस जिवंत परतला. बाकीच्यांच्या बायकांनी त्याला गराडा घातला, “माझा नवरा कुठे?” असं प्रत्येकीने विचारलं आणि विचारता विचारता आपापल्या वस्त्रांच्या पिना त्याला खुपसल्या. त्यातच तो गेला. त्यावर अथेन्सकरांनी बायकांचा पोशाखच बदलून टाकला, पिना लागणारच नाहीत असा केला. राज्यकर्त्यांनी एखाद्या प्रश्नाच्या मुळाशी हात घातल्याची अशी उदाहरणं थोडीच. मंचावर मला त्या एकट्या परतलेल्या शिपायाबद्दल कणव दाटून आली. फरक इतकाच, की माझ्यासाठी एकच पिन होती आणि ती मीच बरोबर आणली होती.

१९९४ मध्ये लंडनमध्ये एलिझाबेथ हर्ली ही अभिनेत्री व्हर्साचे या बड्या इटालियन फॅशन कंपनीचा एक काळा पोशाख घालून आली होती. त्याच्या बाजू मोठाल्या सोनेरी सेफ्टी पिनांनी जोडलेल्या होत्या आणि त्या अगदी उघड दिसत होत्या. जगभर फोटो छापून आले, त्या पोशाखाचं नाव झालं, तिचंही झालं. माझी एक पिन शर्टाखालून जराशी डोकावली तेव्हा पहिल्या रांगेतल्या गृहस्थांनी शेजारच्याला कोपराने ढोसलं. पिन तीच, तार तीच. प्रश्न कोणाच्या कमरेवर, एवढाच.

भाषण पार पडलं. पँटही घरापर्यंत आली. आता रीतसर बटण लावायला हवं होतं, आणि इथेच पिनेचा खरा डाव सुरू होतो. बटण तुटलेली पँट अडचण असते. पिन लावलेली पँट चालते. आणि चालणाऱ्या गोष्टीला कोण हात लावतं? दुसऱ्या दिवशी ती तशीच घातली, मग तशीच धुवायला टाकली, मग पिनेसकट इस्त्रीही झाली. कापडावर गंजाचा एक पिवळट ठिपका उमटला, तो मला पिन कुठे लावायची याची खूण म्हणून उपयोगी पडू लागला. पुढे खुणेचीही गरज उरली नाही, हात आपोआप जरा इकडे, जरा तिकडे जागा शोधायचा.

“अहो, बटण कधी लावायचं?” बायको अधूनमधून विचारी.

“या रविवारी,” मी म्हणे. रविवारी मी पायजम्यात असतो, त्यामुळे रविवारी पँटचा प्रश्नच येत नाही.

पायजम्यावरून आठवलं. पिनेचा एक जोडधंदा आहे, नाडी ओवण्याचा. धुताना पायजम्याची नाडी एका बाजूने आत गेली की पँटची पिन काढून मी या कामाला जुंपतो. नाडीच्या टोकाला पिन अडकवायची, नेफ्यात सारायची आणि बाहेरून चिमटीत धरून पुढे ढकलायची. पिन थोडी पुढे, कापड थोडं मागे, पुन्हा पिन पुढे. मोठं शांत काम आहे. पण मागच्या शिवणीपाशी नेफा अरुंद होतो, तिथे जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की आत ‘टिक’ असा बारीक आवाज येतो. पिन उघडली. आता टोक कापडात रुतलेलं, म्हणून पुढे जात नाही. मागे ओढावी तर नाडी सुटून हातात येते आणि पिन आतच राहते.

फिलाडेल्फियात शेव्हालियर जॅक्सन नावाचे एक डॉक्टर होऊन गेले. लोकांनी गिळलेल्या, श्वासनलिकेत आणि अन्ननलिकेत अडकलेल्या वस्तू शस्त्रक्रियेशिवाय बाहेर काढण्यात त्यांचा हातखंडा. अशा दोन हजारांहून जास्त वस्तूंचा त्यांचा संग्रह तिथल्या म्यूटर संग्रहालयात खणाखणांत मांडून ठेवला आहे, त्यात सेफ्टी पिनाही आहेत. उघडी पिन तशीच ओढली तर नळी फाडत येणार, म्हणून ती आतल्या आत मिटवून मग काढायची हत्यारं त्यांनी तयार केली. हे वाचल्यापासून मी पिन दातांत धरत नाही. पण वैद्यकशास्त्र इतकं पुढे गेलं तरी नेफ्यात उघडलेल्या पिनेसाठी कोणी काही केलेलं नाही. तिथे अजून माणूस, चिमूट आणि शिव्या, एवढीच सामग्री आहे.

शेवटी बायकोने ती कापडावरूनच दाबून मिटवली. कशी, ते तिने सांगितलं नाही. नाडी बाहेर आली, पिन पुन्हा पँटला गेली. जुन्या ठिपक्यापासून चांगली पुढे बसली, पण बसली.

मग एका रविवारी मी झोपेत असताना बायकोने निकाल लावूनच टाकला. पलंगाखालून तेच जुनं बटण शोधून काढलं, चौपदरी दोरा घेतला, मूळ जागी पक्कं शिवलं आणि खालून दोऱ्याला फास देऊन दाताने तोडलं. दोरा असा भक्कम, की पँट फाटेल पण बटण हलणार नाही. सोमवारी सकाळी तिने ती माझ्या हातात दिली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते पाहून मीही खूश झालो.

पँट चढवली. बटण धरलं, काज धरलं आणि एकमेकांकडे आणलं. ती दोघं आली आणि थांबली. मी श्वास सोडला, पोट आत घेतलं, टाचा उंचावल्या. काही उपयोग झाला नाही. मूळ जागी शिवलेलं बटण मूळ जागीच होतं. त्याला मधल्या काळातलं काही माहीत नव्हतं. पिनेला जागा ठरलेली नसते, ती बिचारी दर खेपेला मुकाट्याने थोडी सरकून घेत आली होती.

बायको दारात येऊन बघत राहिली.

“काज इकडे, बटण तिकडे. मधे एवढं काय आहे?”

“मी,” मी म्हणालो. “पिन कुठे ठेवलीस?”

“गंजली होती. टाकून दिली.”

मग तिने शोधाशोध करून जी पिन आणून दिली, तिला नव्या शर्टाचं लेबल अजून लटकत होतं.