कासवाला वाट देणं सोपं असतं

शिरूर-जुन्नरच्या बिबट्यांवरून आमच्या घरच्या ग्रुपवर वाद पेटला, की परदेशात राहणारं कुणीतरी हमखास लिहितं, ‘इकडे बघा, लोक कासवासाठी गाड्या थांबवतात.’ थांबवतात, खरंच. पण त्या थांबण्याला दोन मिनिटांपलीकडे काही मोजावं लागत नाही, हे कुणी लिहीत नाही.

मी कॅनडातल्या ऑन्टॅरिओत, पीटरबरोजवळच्या खेड्यात राहतो. मे संपता संपता तळ्यांतल्या स्नॅपिंग टर्टल जातीच्या कासवांच्या माद्या अंडी घालायला बाहेर पडतात आणि त्यांना नेमकी रस्त्याकडेची खडी आवडते, उन्हानं तापलेली, उकरायला सोपी. परातीएवढी पाठ, त्यावर वाळलेलं शेवाळ. हे कासव पाण्यात माणसाला पाहून निघून जातं, जमिनीवर मात्र चवताळतं. पोटाकडचं कवच तोकडं असल्यामुळे त्याला डोकं-पाय आत ओढून घेता येत नाहीत, मग चावण्यावाचून उपाय काय? मान पाठीवरून बरीच मागे वळते, त्यामुळे बाजूनं धरायला जाणाऱ्याचीही फजिती होते.

आमची शेजारीण गाडीतली रबरी चटई रस्त्यावर आलेल्या मादीपुढे सरकवते, मागून कवचाला फावड्यानं ढकलत तिला वर चढवते आणि चटई ओढत रस्ता पार करते. शेपटीला धरायचं नाही, मणका दुखावतो. आणि तिचं तोंड ज्या दिशेला होतं, त्याच बाजूला सोडायचं. दयेपोटी लांबच्या ‘सुरक्षित’ तळ्यात नेऊन सोडलं, तर ती परत निघते आणि आणखी रस्ते ओलांडते.

हे वाचून जुन्नरकरांना काही आठवेल. वीसेक वर्षांपूर्वी तिकडचे बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडले जात. जिथे सोडले त्या भागात माणसांवरचे हल्ले वाढले, असं वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी 2011 साली अभ्यासातून दाखवलं. तरी आजही ‘पकडा आणि लांब सोडा’ हीच मागणी पहिली येते.

तरीही मी गावकऱ्यांना दोष देत नाही. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडमध्ये बिबट्याच्या हल्ल्यात मुलं गेली, लोकांनी रस्ता अडवला, शेवटी एक बिबट्या गोळीनं मारला गेला. ज्याच्या दारात हे घडतं, त्याला कासवाच्या गोष्टी सांगून सहजीवन शिकवणं हा निव्वळ आगाऊपणा आहे.

शिवाय इकडचे लोक उपजत साधू आहेत असंही नाही. ऑन्टॅरिओतल्याच, ईरी सरोवराकाठच्या लाँग पॉइंटच्या रस्त्यावर संशोधकांनी नकली साप-कासवं ठेवली, तेव्हा काही चालकांनी मुद्दाम वळून त्यांच्यावर गाडी घातली. ऑन्टॅरिओत या कासवांची शिकार 2017 पर्यंत कायदेशीर होती. मादी वयात यायला पंधरा-वीस वर्षं लागतात, त्यामुळे मोठी कासवं मेली की भरपाई होत नाही, हे पटायला इतका वेळ गेला. लाँग पॉइंटला शेवटी रस्त्याकडेला कुंपण घातलं आणि खालून वाटा काढल्या. चालकांच्या चांगुलपणावर विसंबून कुणी बसलं नाही.

तुलना करायचीच तर अशा कुंपणासारख्या उपायांची करा. ऊसपट्ट्यातला शेतकरी रात्री बॅटरी घेऊन पाणी धरायला जातो, कारण मोटारीला वीज अनेकदा रात्री मिळते. पिंजऱ्यांच्या आकड्यांपेक्षा मला दिवसाच्या थ्री-फेज विजेची मागणी जास्त महत्त्वाची वाटते. ग्रुपवर तसं लिहिलं, तर शिरूरच्या चुलतभावाचं उत्तर आलं, ‘दादा, ही मागणी आम्ही कधीची करतोय. तू आत्ता कुठे वाचलीस?’